थंड केलेला कागद

मु. पो. वेळूखडी, जि. सांगली
शुक्रवार, दुपार

प्रिय नौशीन,

पत्र बघून घाबरू नको. घरात कुणी गेलेलं नाही. गेलं असतं तर फोन केला असता, मयतीची खबर कुणी पत्रानं देतं का. फोन करत नाही त्याला कारण आहे. एक तर तू मला पुरं बोलू देत नाहीस. दोन वाक्यं झाली की तुझं 'हां अम्मी, हां अम्मी' सुरू होतं, मग माझं डोकं फिरतं आणि सांगायचं ते बाजूला राहून आपलं भांडण होतं. दुसरं म्हणजे आपल्या घरात फोनवर बोललेलं पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं, आणि ह्यातलं एक अक्षर तुझ्या अब्बांच्या कानावर जाता कामा नये. ते म्हसवडला एका लग्नाचा मंडप उभा करायला गेलेत, उद्या येतील, म्हणून सवडीनं लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा रडत. अक्षर वाकडं आहे, चुका असतील, त्या मोजत बसू नको. तू कागदावर विश्वास ठेवणारी, म्हणून कागदावर लिहिते.

पहिलं काम. ईदला येताना ते चिकटलेले कागद सोडवणारे पुण्याचे सर आहेत ना, त्यांना आणू नको. त्यांना काहीही सांग. आई आजारी आहे म्हण, मला चालेल. तू एकटी ये. का, ते खाली येईलच, पण मला सगळं एका दमात सांगता येणार नाही, तेव्हा पत्राचा शेवट आधी वाचू नको. तुला ती खोड आहे.

शालूआक्का आता अंथरुणातून उठत नाहीत. दिवाळीपर्यंत काठी टेकत ओसरीपर्यंत तरी यायच्या, आता तेही नाही. डोळे तर गेलेच. पण कान असे की मी दारात चप्पल काढली तरी आतून हाक येते, "अकिला, तुजी नौशी कवा येनार गं?" रोज तेच. मी भाकरीबरोबर आंबाडीची भाजी नेते, त्यांना आवडते म्हणून, तर दोन घास खाऊन ताट बाजूला सारतात आणि पुन्हा तेच. परवा विश्वजीतची बायको वैतागून म्हणाली, "आत्याबाई, येईल की ईदला, रोज काय इचारताय." तर आक्का म्हणाल्या, "तुमाला ईद हाय, मला हाय का ते इचारून बग." विश्वजीत त्यांचा भाचा, पलटणीत हवालदार आहे, तो रजेवर आला होता, तो उठून बाहेर गेला.

तुला ह्यातलं बरंच ठाऊक आहे, पण तू शाळेतल्या पोरांना म्हणालीस ना, की ऐकलेलं एकदा सरळ लिहून काढलं की त्यातली भोकं दिसतात, तर मीही सरळ लिहून बघते. सयाजी म्हणजे शालूआक्कांचा आजा. पहिल्या मोठ्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याच्या बाजूला गेला, तुर्कांच्या कैदेत सापडला, परत आला नाही. त्याला लिहिता येत नव्हतं. कैदेत शेजारी कुणी पंजाबी शिपाई होता, त्यानं ह्याच्या तोंडचं उर्दूत उतरवून दिलं. तो कागद फिरत फिरत गावात आला, तर साऱ्या गावात तो वाचणारा माणूस एकच, तुझ्या अब्बांचे पणजोबा, नियाज मुजावर. म्हणून कागद सयाजीच्या घरी न राहता आपल्या घरी राहिला. ज्याला वाचता येतं त्याच्याकडं कागद, एवढा साधा व्यवहार. चावडीच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेली फरशी तू बघितलीच आहेस. गावातून किती गेले आणि किती मेले एवढंच तिच्यावर आहे. नाव कुणाचंच नाही. सयाजी नावाचा माणूस ह्या गावातून गेला, हे सांगणारा तेवढा एकच कागद होता.

बघ, 'होता' लिहून गेले.

तुझं काम मला आधी कळत नव्हतं. बायका विचारायच्या, पोरगी साताऱ्याला काय करते, तर मी म्हणायचे शाळेच्या पोरांची पुस्तकं काढतात त्या ऑफिसात आहे, आणि विषय बदलायचे. मग तू गावच्या शाळेत आलीस, तेव्हा मी मागं भिंतीला टेकून बसले होते. मला वाटलं तू पोरांना राजाच्या लढाया सांगणार. तू पिशवीतून काढलंस काय, तर कुणाची तरी फाटकी लग्नपत्रिका, कुणाचं रेशनकार्ड, आणि प्लेगच्या साली घरं सोडून रानात राहायला जा म्हणून सरकारनं लावलेली नोटीस. मनात म्हटलं, ही असली रद्दी दाखवायला हिला पगार देतात. मग तू पोरांना विचारलंस, हे कुणी लिहिलं, कुणासाठी लिहिलं, आणि ह्यात काय लिहिलेलं नाही. मग कुणीतरी म्हणालं, "ताई, घर सोडून जावा म्हंत्यात, पर कुत्र्याचं काय करायचं ते न्हाई लिवलं." सगळा वर्ग हसला. तू हसली नाहीस, तू ते फळ्यावर लिहिलंस. तेव्हा मला कळलं तू काय करतेस. मी तुला तसं बोलले नाही. तोंडावर कौतुक करायची मला सवय नाही आणि आता लावून घ्यायची नाही.

आणि त्याच वेळी विश्वजीतची शिवांजली उभी राहिली. सहावीत आहे, पण जीभ माझ्यावर गेलेली. म्हणाली, "ताई, वाचणाऱ्यानंच खोटं वाचलं तर?" तू म्हणालीस, "म्हणून मूळ कागद बघायचा. कुणी सांगितलेलं नाही, कागद." मग तूच त्यांना सयाजीचं सांगितलंस. ईदला तो कागद उघडून ह्याच टेबलावर ठेवीन, तुमच्या डोळ्यांदेखत वाचीन, आणि आपल्या पुस्तकाचा पहिला धडा तोच असेल, गावाच्या नावासकट, असं म्हणालीस. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शिवांजली दप्तर न घेताच घरी पळाली आणि शालूआक्कांना सगळं सांगितलं. त्या दिवसापासून म्हातारीनं जीव धरून ठेवलाय.

ती पोरगी असं का म्हणाली ते तुला माहीत आहे का? तिला आक्कांनी बैलाची गोष्ट सांगितलेली आहे. तुला मी अर्धीच सांगितली होती. मोहरमला ताबूत थंड करून, म्हणजे नदीत सोडून, माणसं परत आली की सयाजीची बायको रंगूबाई आपल्या ओट्यावर येऊन बसायची. पाय धुवायला पाणी दिलं जायचं, गुळाचं सरबत व्हायचं, आणि मग नियाज आजोबा हिरव्या कापडातून कागद काढून वाचायचे. दर वर्षी. नवरा गेला हे तिनं केव्हाच पत्करलेलं, कुंकू पुसलेलं, तरी वर्षातून एकदा ऐकायला यायची. कागदात काय, तर मी खुशाल आहे, काळजी करू नका, पोराला शाळेत घाला. शालूआक्का लहान होत्या, आजीच्या मांडीला चिकटून बसायच्या. एका वर्षी नियाज आजोबांनी वाचलं, सोन्या बैलाला मारू नका, तो गुणाचा आहे. घरी जाताना शालूआक्कांनी विचारलं, "आजे, सोन्या तर आपुन आत्ता आणला, आज्याला कसा ठाव?" रंगूबाईनं त्यांच्या दंडाला चिमटा काढला आणि म्हणाली, "गप. वाचनाऱ्याच्या मधी बोलू न्हाई."

म्हणजे तिला कळत होतं. आणि तरी ती पुढच्या वर्षी आली, त्याच्या पुढच्या वर्षीही आली. नियाज आजोबा गेले, मागं उर्दू वाचणारं कुणी उरलं नाही, आणि कागद तसाच कापडात राहिला. आपण कुराण वाचतो, पण ते पाठांतराचं वाचणं. ती अक्षरं ओळखून उर्दू वाचायला आपल्या घरात तूच पहिली शिकलीस, तीही आता, ह्या पुस्तकापायी.

शालूआक्कांना आता तो चिमटा बोलतोय. मला म्हणाल्या, "आजीला खोटं पुरलं. मला न्हाई पुरत. त्यो उपाशी व्हता का, त्याला मारत व्हते का, तिकडं दुसरी बाई केली व्हती का, जे असंल ते ऐकायचं हाय. खुशाल खुशाल ऐकून माजे कान किटले."

आता पुढचं. पुराच्या साली मी पिठाचा डबा सोडला, तुझ्या दहावीची सर्टिफिकेटं सोडली, आणि ते हिरवं कापड डोक्यावर घेऊन नावेत बसले. माझं मोठेपण म्हणून सांगत नाही. तुझे अब्बा काठावरून ओरडत होते, "अगं अमानत हाय ती, आपली न्हाई," म्हणून घेतलं. तरी कापड भिजलंच. आतलं जुनं कुराण फुगलं, सुटी पानं एकमेकांना चिकटली, सगळ्यांचा रंग चहासारखा झाला. सयाजीच्या कागदाच्या घड्या तर अशा बसल्या की उघडेनात. तू म्हणालीस ओढू नको अम्मी, फाटेल, मी माणूस घेऊन येते. म्हणून आम्ही हात लावला नाही. फोटो काढला तर बाहेरचाच निघाला असता, म्हणून तोही काढला नाही. त्याबद्दल तुला बोल लावत नाही. तुझं बरोबरच होतं. बरोबर असून काही झालं नाही एवढंच.

मध्यंतरी विश्वजीत आला होता. चावडीजवळ गावच्या शिपायांच्या नावांची पाटी लावायचं त्याच्या मनात आहे, त्यात पणजोबाचं नाव पहिलं. म्हणाला, "चाचा, त्या कागदावर आमच्या मानसाचं नाव हाय. आमच्याकडं द्या की आता." मऊच बोलला, तो काही वाईट माणूस नाही. तुझे अब्बा म्हणाले, "इश्वजीत, तुज्या पणजीनं आमच्या पणज्याच्या हातात दिलाय त्यो. नौशीन वाचून दाखवंल, मग मी सोता वाजत गाजत तुज्या घरी आणून देतो. तवर माझ्याकडं ऱ्हाऊ दे." विश्वजीत म्हणाला, "तुमचा शब्द हाय नव्हं?" हे म्हणाले, "शब्द हाय." मी आत भाकरी थापत होते. मला तेव्हाच वाटलं होतं, देऊन टाकावा. पण माझं ऐकायची ह्या घरात कुणाला सवय आहे?

तुझ्या खालाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी फलटणला होते. त्याच वेळी मशिदीत सांगितलं गेलं की शब-ए-बरातच्या आत घराघरातली झिजलेली, फाटलेली पाक पानं आणून द्या, एकत्र थंड करू. तुला सांगायला नको, पण तुझ्या पुस्तकातल्या पोरांना कळायला हवं म्हणून लिहिते. अल्लाचं नाव असलेलं पान फाटलं तरी आपण कचऱ्यात टाकत नाही, जाळत नाही. कापडात बांधून, दगड घालून, नदीच्या खोल पाण्यात सोडतो. तुझ्या अब्बांना वाटलं, पुरानं खराब झालेलं कुराण घरात नुसतं ठेवणं बरं नव्हे. तू साताऱ्याहून नवं आणलेलं आहेच. वजू करून, हातपाय धुऊन बसले, हिरवं कापड सोडलं. सयाजीचा कागद त्यात आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी एक एक पान हातात घेतलं, नीट बघितलं, आणि घड्या घातलेला तपकिरी कागद बाजूला काढून माझ्या ट्रंकेत, माझ्या लग्नाच्या शालूखाली ठेवला. बाकीची पानं डोळ्यांना लावली, एका कापडात बांधली आणि जमातीला दिली.

मी परत आले तेव्हा हिरवं कापड धुऊन दोरीवर वाळत होतं. मी पिशवी दारातच टाकून आत धावले. हे मात्र खुशीत. म्हणाले, "घाबरू नगं, सयाजी ट्रंकेत हाय. येवढं कळतंय मला." मी ट्रंक उघडली. शालूखाली घड्यांचा कागद होता, तपकिरी, उर्दू अक्षरांचा. आणि घडी उचलली तर आत एका कोपऱ्यात छापलेला खलबत्ता होता.

तुझ्या अब्बांच्या आजीची सवय तुला मी कधी सांगितली होती का, आठवत नाही. उर्दू अक्षरं असलेलं काहीही पायदळी येऊ नये म्हणून ती हाताला लागेल ते त्या हिरव्या कापडात घालायची. मिरजेच्या कुण्या हकिमाच्या खोकल्याच्या औषधाची चिठ्ठीसुद्धा. ती चिठ्ठी घरात राहिली आणि सयाजी गेला. सयाजीच्या कागदावर मागच्या बाजूला जांभळा गोल शिक्का होता, पण पुराच्या पाण्यात तो शिक्का फुटून सगळ्याच पानांना जांभळं लागलं होतं. त्यांना कसं कळणार. पण मी तो कागद नवी नवरी होते तेव्हापासून बघत आले, पान चुकायची नाही.

सयाजीचा कागद कुणी जाळला नाही, कुणी फाडला नाही, उंदरानं खाल्ला नाही, पुरानं नेला नाही. तुझ्या अब्बांनी तो डोळ्यांना लावला आणि मग दिला. ह्यावर कुणावर चिडायचं ते मला अजून सापडलेलं नाही, आणि मला चिडायला माणूस लागतो.

मी दुसऱ्या दिवशी नाथाजीकडं गेले. पानं सोडायला नेलेली नाव त्याचीच होती. त्याला खरं सांगितलं नाही, म्हटलं चुकून चांदीचा ताईत गेलाय त्यात, बघतोस का. तो म्हणाला, "चाची, बंधाऱ्याच्या वरच्या डोहात सोडलंय. दगूड बांधून. थितं माजा बांबू टेकत न्हाई." आणि मग म्हणाला, "आन टेकला तरी कागदाचं काय ऱ्हातंय पान्यात." मी म्हटलं मी ताईताचं विचारलं, कागदाचं नाही. त्यानं मान खाली घालून दोर गुंडाळायला घेतला. तरी बरं, तो कमी बोलतो. मी काठावर बसले थोडी. पाणी इतकं शांत होतं की राग आला. पुराच्या वेळी ह्याच पाण्याच्या तोंडातून मी तो डोक्यावर काढून आणला होता.

तुझ्या अब्बांना मी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ते रोज नमाजहून आल्यावर ट्रंकेवर हात ठेवतात, बघितलंय मी. विश्वजीतला दिलेला शब्द त्यांच्या छातीवर बसलाय, आणि त्यांना वाटतं तो आपण पाळला. गेल्या साली त्यांना छातीत कळ आली होती, ते तू विसरली नसशील. आणि दुसरी गोष्ट. गावाला कळलं तर काय होईल? विश्वजीत कदाचित समजून घेईल. पण गाव म्हणजे एकटा विश्वजीत नव्हे. शिपायाचा कागद मागितला तर मुजावरांनी दिला नाही, आणि नदीत बुडवला, एवढंच मोबाईलवर फिरेल. डोळ्यांना लावून बुडवला हे कोण लिहिणार? तुझ्या त्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बघ, काय लिहिलेलं नाही ते. ज्यांच्या पोरींच्या लग्नात तुझ्या अब्बांनी कनाती बांधल्या, त्यांचीच पोरं ते पुढं पाठवतील. मागं हे असं झालं नसतं असं मी म्हणत नाही, मागचं मला काय माहीत. आताचं माहीत आहे.

मग मी ठरवलं, निदान शालूआक्कांना तरी खरं सांगायचं. त्यांनी खरंच मागितलंय. मी गेले, दार लोटून घेतलं, त्यांच्या उशाशी बसले. तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी माझा हात चाचपला आणि म्हणाल्या, "अकिला, सारं गाव माज्याशी गोड बोलतंय, मरायला टेकलीया म्हणून. तू तेवढी कवा गोड बोलली न्हाईस. तुज्या पोरीनं वाचलं की मी इश्वास ठेवीन." नौशीन, माझ्या तोंडात शब्द होता तो मी गिळला. आयुष्यात पहिल्यांदा. घरी आले आणि भांडी घासत बसले, घासलेलीच.

डॉक्टर म्हणतात ईदपर्यंत निघतील आक्का, पुढचं सांगत नाहीत. पुढच्या आठवड्यात रोजे सुरू होतील. दिवस भराभर जातात आणि त्या आपल्या मोजत पडल्यात.

तर हे पत्र त्यासाठी आहे. ईदला तू एकटी येशील, ट्रंकेतला कागद काढशील आणि शालूआक्कांच्या उशाशी बसून वाचशील. हकिमाची चिठ्ठी. त्यावर काय लिहिलंय ते तुला दिसेल, तू ते वाचायचं नाही, सयाजीचं वाचायचं. खलबत्त्याचा कोपरा मी कात्रीनं कापून चुलीत घातला आणि कडेला हळदीचं पाणी लावलं. तुझे अब्बा शेजारी उभे राहतील. त्यांच्याकडं बघू नको. वाचून झालं की ते कागद विश्वजीतच्या हातात देतील आणि तो त्याची काच करून लावेल, लावू दे. तुझ्या पुस्तकातला पहिला धडा काढून टाक. ऑफिसात काय सांगायचं ते तुझं तू बघ, पण ह्या कागदाचा फोटो छापू नको, तेवढं पाप माझ्याकडून होणार नाही. शिवांजली पुढ्यात येऊन बसेल. ती कागद मागेल, तूच शिकवलंयस तिला. मागितला तर दे. तिला ती अक्षरं येत नाहीत, आज तरी. शिकायची आहेत म्हणते. तू माझ्याशी ह्यापुढं बोलणार नाहीस हे मी धरून चालले आहे, त्याचं मला काही सांगू नको. वाचताना खुशाल आहे असं म्हणू नको, आक्का उठून बसतील. भूक होती म्हण. थंडी होती म्हण. आपण परत येत नाही हे त्याला कळलं होतं, असं म्हण. एवढं तरी खरं असेल. आणि काही झालं तरी बैलाचं नाव घेऊ नको.

तुझीच,
अम्मी